सेल उतरला होता

अमळनेर, रविवार

चि. पल्लवीस अनेक आशीर्वाद.

फोनवर माझा आवाज चढतो आणि तू ठेवून देतेस, म्हणून लिहितोय. दुसरं कारण म्हणजे हे पत्र आपल्या दुकानातल्या त्याच जुन्या कॉम्प्युटरवर टाइप होतंय. बसली एकदाची नवी सिस्टिम. विंडोजच्या जागी लिनक्स मिंट, तू सांगितलेली, जुन्या मशीनला हलकी अशी एक्सएफसीई वाली. काल रात्री पावणेबाराला. मम्मी साक्षीदार आहे.

तब्येतीचं काही विचारायचं नाही असं ठरवूनच बसलोय. दुसरा रिपोर्ट आला का?

तर ज्याच्यावरून ती बसवायची, त्या पेनड्राइव्हचं सांगतो. त्या मंगळवारी तू म्हणालीस, "पप्पा, तुम्ही सेटिंग सेव्हच करत नाही." मी करत होतो गं. रोज बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होताना उघडणाऱ्या सेटिंगमध्ये, जाऊन यूएसबी पहिल्या नंबरवर आणत होतो, एफ-टेन दाबत होतो, यस म्हणत होतो. आणि दुसऱ्या दिवशी बघावं तर हार्डडिस्क पुन्हा वर, पेनड्राइव्हकडे ढुंकूनही न बघता विंडोज सुरू. मला वाटायचं माझंच चुकतंय, तुला वाटायचं पप्पांना जमत नाही. मग एकदा तारखेकडे लक्ष गेलं. 1 जानेवारी 2009! डोक्यात टकटक झाली. झाकण उघडलं, बोर्डावरचा तो बटणासारखा सेल काढला, वीस-बत्तीस नंबरचा, आणि मल्टिमीटर लावला. तीनच्या जागी सव्वा व्होल्ट. मी रात्री दुकानाचा मेन स्विच पाडतो, त्यामुळे बोर्डाला सेलशिवाय आधार नाही, आणि सेल मेलेला. सकाळी सगळं विसरलेला. तीस वर्षं जळालेल्या मोटरींचं वाइंडिंग भरतोय, आणि पहिल्या दिवशी मीटर लावायचं सुचलं नाही. गिऱ्हाइकाला मी काय सांगतो? आधी सप्लाय बघा.

आतून उतरत चाललेला सेल आणि वरून सगळं ठीक... जाऊ दे. तू म्हणशील पप्पांचं कीर्तन सुरू झालं.

पण एवढं लिहितोच. त्या मंगळवारी मी तुला तीनदा फोन केला. एफ-ट्वेल्व्ह की एफ-इलेव्हन, मागचं पोर्ट की पुढचं. तू म्हणालीस, "ठेवा आता, मला झोपू द्या," आणि मी दोन दिवस फुगून बसलो. शनिवारी तुझ्या रूमवरच्या मुलीकडून कळलं की तेव्हा तुला एकशे दोन ताप होता आणि बुधवारी सलाइन लावलं. डेंग्यू. तिलाही तू सांगू नको म्हणून बजावलेलं. का? मी काय करणार होतो, एवढंच ना की रात्रीची गाडी धरून आलो असतो?

आलो असतोच.

बरं. सेल बदलला, ऑर्डर टिकली, तरी पेनड्राइव्ह चालेना. आता सांगतो त्यात चूक तुझी आहे, आणि मला त्याचा थोडा आनंद झाला, खोटं कशाला बोलू. तू तो पुण्याला तुझ्या लॅपटॉपवर बनवलास. पेनड्राइव्ह बनवायच्या त्या रुफस प्रोग्रॅममध्ये पार्टिशन स्कीम जीपीटी ठेवलीस, म्हणजे फक्त यूईएफआयवर, बायोसच्या जागी आलेल्या नव्या पद्धतीवर उठणार. आपला डबा जुना, त्याला यूईएफआय ठाऊकच नाही. तुझ्याकडे चालला, इथे कसा चालेल? मी इथेच पुन्हा बनवला, एमबीआर ही जुनी स्कीम निवडून. ते निवडलं की खालच्या रकान्यात आपोआप 'बायोस ऑर यूईएफआय' येतं, ते बघितलं. पेनड्राइव्ह पुसला जातो हे तुझं वाक्य लक्षात होतं, म्हणून आधी त्यातले आजीच्या पंचाहत्तरीचे फोटो मोबाइलवर घेतले.

त्याच्यासाठी मिंटची फाइल नवीन उतरवली होती, मोबाइलच्या नेटवर, रात्रभर. मग ती नीट उतरली का हे ताडायचा तो चेकसम. चौसष्ट अक्षरं. मम्मी मोबाइलवरून वाचत होती, मी स्क्रीनवर बोट ठेवून ताडत होतो. "सात, सी, शून्य, बी, बी..." मधेच म्हणाली, "ही कोणाची कुंडली?" एकदा चुकलं तर तिनेच ओळ सोडली होती, कबूल करत नाही.

मग पुढच्या पोर्टमधून काढून मागे, बोर्डावरच्याच पोर्टमध्ये लावला. पुढच्याची वायर आत ढिली निघाली. एफ-इलेव्हन, यादीत पेनड्राइव्ह, एंटर. काळ्या पडद्यावर हिरवं चिन्ह आलं तेव्हा मी दुकानात एकटाच हसलो.

इन्स्टॉल करताना एका ठिकाणी हात थांबला. 'इरेज डिस्क' असं विचारतं तिथे. त्या डिस्कवर तुझी डायरी होती. दहावीच्या सुट्टीत माझ्या तेलकट वहीतून तू उतरवलेली: किती एचपी, किती स्लॉट, किती टर्न, तारेचा गेज. प्रत्येक मोटरपुढे शेतकऱ्याचं गाव. एका रकान्यात तू लिहिलंयस, "हे काका चहा न घेता गेले." तो रकाना मी आजवर पुसला नाही. दोन ठिकाणी कॉपी केली, मगच पुढचं बटण दाबलं. तू दुकानात बसायचीस तेव्हा वार्निशचा वास तुझ्या फ्रॉकला लागायचा आणि मम्मी मला ओरडायची. आता तू मला शिकवतेस. तालुक्यात कोणाच्या पोरीने बापाला लिनक्स शिकवलं असेल, सांग. आज दोघा गिऱ्हाइकांना मुद्दाम स्क्रीन दाखवला. त्यांना काही कळलं नाही, पण मान हलवली.

विंडोज दहाचे अपडेट 14 ऑक्टोबर 2025 ला बंद झाले, अकरा या मशीनवर बसत नाही, नवीन घ्यायला माझ्याकडे आत्ता पैसे नाहीत. तू म्हणालीस हे मिंट 2029 पर्यंत चालेल. तोपर्यंत बघू.

एक ऐक. ताप उतरला म्हणजे बरं झालं असं समजू नकोस, प्लेटलेट त्याच वेळी खाली जातात, इथल्या डॉक्टरांनी सांगितलं. अंगदुखीच्या गोळ्या मनाने घ्यायच्या नाहीत, फक्त पॅरासिटामोल, तेही विचारून. पाणी पी. खोलीत कूलर असेल तर रिकामा कर, कुंड्यांखालच्या थाळ्या बघ. रात्री दोनपर्यंत ऑफिसचं काम म्हणजे... पुन्हा तेच झालं. माफ कर. तू चोवीस वर्षांची आहेस, मला माहीत आहे. सहावीत तुला मलेरिया झाला तेव्हा मोटारसायकलवर मम्मीच्या आणि माझ्या मधे तुला बसवून धुळ्याला नेलं होतं. तुझं कपाळ माझ्या पाठीला शर्टातून भाजत होतं. तेवढंच आठवत राहतं, त्याला मी काय करू.

आजीला काही सांगितलेलं नाही, तरी रोज विचारते, "पोर कशी शे?" मी म्हणतो, बरी शे.

सध्या रात्रीची थ्री-फेज आहे, हरभऱ्याला पाणी चाललंय, व्होल्टेज पडतं आणि सकाळी दारात जळालेल्या मोटरी. म्हणून लगेच निघता येत नाही. शुक्रवारी ट्रॅव्हल्सने डबा पाठवतो: दादर ज्वारीचं पीठ, कळण्याच्या भाकरीचं वेगळं बांधलंय, मेथीचे लाडू. तुझा पेनड्राइव्ह पण त्यातच आहे. त्यावर आता एमबीआरवालं आहे, तुझ्या लॅपटॉपवरही उठेल.

रिपोर्टचा फोटो पाठव. पहिला पण पाठव, सलाइनच्या दिवशीचा. मी रागावणार नाही.

तुझे पप्पा