३०० चे पुन्हा ३० कर

प्रिय मित्रा,

तुझं पत्र वाचून आधी हसू आलं, मग स्वतःचीच कीव आली. साइट मधूनच टाइमआउट देते म्हणून तू पीएचपीचा (साइट ज्या भाषेत लिहिली आहे तिचा) मॅक्स एक्झिक्युशन टाइम, म्हणजे स्क्रिप्टला चालायला दिलेली मुदत, ३० सेकंदांवरून ३०० केलास आणि फरक शून्य. गेल्या वर्षी मीही नेमकं हेच करून बसलो होतो.

लिनक्सवर ती मुदत फक्त स्क्रिप्ट स्वतः राबते तेवढाच वेळ मोजते. डेटाबेसच्या उत्तराची वाट बघणं, दुसऱ्या सर्व्हरकडून काही मागवणं, हे त्यात धरतच नाहीत. विंडोजवर मात्र घड्याळाचा वेळ मोजला जातो, त्यामुळे लॅपटॉपवर एक आणि सर्व्हरवर भलतंच दिसतं. तेव्हा स्क्रिप्ट नुसती ताटकळत बसली असेल, तर तिथे ३००० लिहिलेस तरी काय उपयोग?

पडद्यावर नक्की काय येतं ते तू लिहिलंच नाहीस. मुदत संपल्याची पीएचपीची स्वतःची फेटल एरर आली तर गोष्ट वेगळी. माझ्याकडे ५०४ (मागून वेळेत उत्तर आलं नाही, असा एररचा आकडा) यायचा, म्हणजे पीएचपीच्या पुढे उभा असलेला वेब सर्व्हर, एनजिनएक्स, वाट बघून कंटाळायचा. तो मुळात ६० सेकंद थांबतो. मी अ‍ॅक्सेस लॉगमध्ये प्रत्येक रिक्वेस्टला लागलेला वेळ लिहायला लावला. एकच पान: ०.२१ सेकंद, ०.१९, ०.२४ आणि मग एकदम ६०.००१. काम जड असतं तर कधी १२ लागले असते, कधी ४०. दरवेळी ६० वरच संपतंय म्हटल्यावर कोणीतरी मधेच दोर कापत होतं.

मग एफपीएमचा (सर्व्हरवर पीएचपी चालवणाऱ्या प्रोग्रामचा) स्लोलॉग ५ सेकंदांवर लावला; त्याहून जास्त रेंगाळलेली रिक्वेस्ट कोणत्या ओळीवर आहे ते तो लिहून ठेवतो. अडकलेली प्रत्येक रिक्वेस्ट सेशन स्टार्टच्या ओळीवर उभी! आधी वाटलं डिस्कच गेली. तसं काही नव्हतं. सेशन स्टार्ट म्हटलं की पीएचपी त्या युजरची सेशनची फाइल (त्याची लॉगिनसारखी माहिती ठेवलेली) कुलूपबंद करते, आणि ते कुलूप सोडेपर्यंत त्याच युजरची दुसरी रिक्वेस्ट दाराशी थांबते. ढीगभर नोंदींत एकच वेगळी सापडली: रिपोर्टच्या पानावर कर्लने (दुसऱ्या सर्व्हरकडून माहिती आणणाऱ्या साधनाने) बाहेरच्या सर्व्हरकडे आकडे मागितले होते. तो सर्व्हर अधूनमधून जोडणी घ्यायचा आणि गप्प बसायचा. कर्लला मुदत दिलेलीच नव्हती, आणि न दिल्यास तो उत्तराची वाट बघतच राहतो. ती ओळ कुणी लिहिली होती विचारू नकोस.

पान येत नाही म्हणून युजर रिफ्रेश करायचा. प्रत्येक रिफ्रेशमागे आणखी एक वर्कर (एका वेळी एकच रिक्वेस्ट हाताळणारी पीएचपीची प्रोसेस, आणि त्या मोजक्याच असतात) त्या कुलपाशी अडकायचा. एनजिनएक्सने ५०४ दिला तरी मागे पीएचपी तशीच तिष्ठत. वर्कर संपले की रिपोर्टशी काडीचा संबंध नसलेल्या लोकांनाही ५०४. म्हणून तो 'कधीकधी'चा खेळ.

दुरुस्ती मात्र तीन ओळींची: कर्लला जोडणीसाठी ३ सेकंद, एकूण १० सेकंद, आणि बाहेर हात पसरण्याआधी सेशन राइट क्लोज, म्हणजे सेशनचं कुलूप आधीच सोडून देणं.

तुझ्याकडे कदाचित कर्ल नसेल, एखादी इंडेक्स (डेटाबेसची शोधसूची) नसलेली क्वेरी असेल, किंवा रात्रीच्या बॅकअपने टेबल अडवलं असेल. स्लोलॉग लाव, पुढचा ५०४ आला की त्या मिनिटाच्या नोंदी मला पाठव. पासवर्ड पुसून पाठव रे, मागच्या वेळेसारखं नको. आणि ते ३०० आजच मागे घे.

तुझाच,
तोच तो