रिपोर्टच्या पाठीवर वजाबाकी करून दाखवणाऱ्या डॉक्टरांना

मॅडम, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव इथे लिहीत नाही, तुम्हाला ते रुचणार नाही. पण आभार मात्र चारचौघांत मानायचे आहेत. पन्नाशीला टेकलेल्या माझ्या कितीतरी मैत्रिणी ठळक आकड्यांचे रिपोर्ट पर्समध्ये घेऊन फिरताहेत, आणि त्यांना समोर बसवून कुणी काही समजावून सांगत नाही.

माझं एकूण कोलेस्टेरॉल २४२ आलं होतं. तुमच्या आधी जिथे दाखवलं, तिथे "तळलेलं बंद करा" एवढं सांगून पुढच्या पेशंटला हाक गेली. तुम्ही रिपोर्ट उलटा केलात आणि पेनने गणित मांडलंत. २४२ मधून एचडीएलचे, म्हणजे चांगल्या कोलेस्टेरॉलचे, ४८ काढले. मग ट्रायग्लिसराइडच्या, म्हणजे रक्तातल्या चरबीच्या, १७० चा पाचवा हिस्सा, म्हणजे ३४, तोही काढला. उरले १६०. "हा तुमचा एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल. पुष्कळ लॅब तो वेगळा मोजत नाहीत, असाच काढतात. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेले की हे गणित चालत नाही." खाली आणखी एक वजाबाकी केलीत, २४२ वजा ४८, म्हणजे १९४. हा नॉन-एचडीएल. धमनीच्या भिंतीत शिरून बसू शकणारे सगळे कण यात आले, म्हणून तुमची नजर याच आकड्यावर जास्त. तो कागद मी अजून फाईलला लावून ठेवलाय.

मग गोळी लिहून द्याल असं वाटलं, तर तुम्ही प्रश्न सुरू केलेत. वडिलांना हार्ट अटॅक आला होता का, हे सगळेच विचारतात. कितव्या वर्षी, हे फक्त तुम्ही विचारलंत. ५२ म्हटल्यावर तुमचं पेन थांबलं. वडील किंवा भाऊ ५५ च्या आत, आई किंवा बहीण ६५ च्या आत, असं असेल तर तेच रक्त आपलं म्हणून हिशेब बदलतो, हे तेव्हा कळलं. पाळी कधी गेली तेही विचारलंत, कारण त्या दोन-तीन वर्षांत वजन न वाढताही एलडीएल वर चढतो. थायरॉइड मंद असला तरी कोलेस्टेरॉल वाढतं, म्हणून आधी टीएसएच तपासला. तो नॉर्मल निघाला. लायपोप्रोटीन (ए), म्हणजे एलडीएलसारखाच एक कण, त्याची तपासणी तर मी पहिल्यांदाच ऐकली. हा आकडा मुख्यतः जन्मजात असतो, त्यामुळे आयुष्यात एकदा बघितलं तरी बहुतेकांना पुरतं.

तीन महिने औषधाशिवाय बघू म्हणालात. रोज भरभर चालले, संपृक्त चरबी कमी केली, तंतूमय खाणं वाढवलं. ट्रायग्लिसराइड १२० वर आले, एलडीएल मात्र १४८ वर अडला. मी हिरमुसले, तुम्ही खूश! चालण्याने रक्तदाब आणि साखर सुधारते, ट्रायग्लिसराइड उतरतात, पण एलडीएल फारसा हलत नाही, आणि शरीरातलं बरंचसं कोलेस्टेरॉल खाण्यातून येत नाही, शरीर स्वतःच तयार करतं. हे आधी ऐकलं असतं तर ताटाकडे संशयाने बघण्यात गेलेला वेळ वाचला असता.

मग स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी. "एकदा सुरू केली की आयुष्यभर" हे वाक्य घरातल्या प्रत्येकाने मला ऐकवलं होतं. तुम्ही वाद घातला नाहीत, गोळी काय करते ते सांगितलंत. ती यकृतातल्या एका एन्झाइमला अडवते. यकृताला कोलेस्टेरॉलची चणचण भासली की ते आपल्या पेशींवर एलडीएल पकडणारे हात वाढवतं आणि रक्तातला एलडीएल ओढून घेतं. जपानचे अकिरा एंडो यांनी सहा हजारांवर बुरश्या तपासून १९७३ मध्ये पहिला स्टॅटिन शोधला, हेही तुमच्याकडूनच ऐकलं. तो ज्या बुरशीत सापडला ती पेनिसिलिनच्याच कुळातली, हे मला फार आवडलं.

सर्वात जास्त आभार पायदुखीचे. गोळी सुरू झाली आणि मांड्या दुखू लागल्या. इतर कुणी "मनाचे खेळ" म्हणून उडवून लावलं असतं, नाहीतर घाबरून गोळी कायमची बंद केली असती. तुम्ही सीपीके, म्हणजे स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढणारा आकडा, तपासला, तो ठीक होता. थोडे दिवस गोळी थांबवून पुन्हा सुरू केलीत आणि दुखणं रोज लिहून ठेवायला सांगितलंत. ब्रिटनमधल्या ६० जणांच्या अभ्यासाबद्दलही बोललात. ते सगळे त्रासामुळे स्टॅटिन सोडलेले. स्टॅटिनच्या महिन्यांत त्यांना जेवढा त्रास झाला, त्याच्या सुमारे ९० टक्के त्रास औषध नसलेल्या गोळीच्या महिन्यांतही झाला. "दुखणं खरंच असतं," तुम्ही म्हणालात, "कारण काय ते तुमच्या वहीत बघू." वहीत गोळी असलेले आणि नसलेले दिवस सारखेच निघाले.

आता एलडीएल ८८ आहे. तो दर ३९ ने उतरला की हार्ट अटॅक आणि स्ट्रोकचा धोका सुमारे पाचव्या हिश्शाने कमी होतो, हे ऐकल्यापासून गोळी घेताना कपाळावर आठ्या येत नाहीत. डोस दुप्पट करून एलडीएल जेमतेम आणखी ६ टक्के उतरतो, म्हणून उगाच वाढवलाही नाहीत. त्याबद्दल वेगळे आभार.

आणि हो, भावालाही तपासून घ्यायला सांगा म्हणाला होतात. सांगितलं. त्याचा आकडा माझ्यापेक्षा वरचा आलाय, पुढच्या आठवड्यात तो तुमच्याकडे येतोय. इंटरनेटवरून छापलेले कागद बरोबर आणेल आणि प्रत्येक कागदावर वाद घालेल. त्याला शेवटची अपॉइंटमेंट द्या, म्हणजे मागे रांग नसेल.

आपली,
एक पेशंट