हुमणी गाठायची तर बांधावरच्या झाडावर

संपादक महोदय,

मराठवाड्यात ऊस, सोयाबीन पिवळे पडले की हुमणीची ओरड होते. पण तोवर उशीर झालेला असतो. या किडीचा संसार दोन ठिकाणी चालतो. भुंगेरे, म्हणजे तिचे प्रौढ किडे, जगतात बाभूळ, कडुनिंब, बोरीच्या पाल्यावर. अळ्या पोसल्या जातात पिकाच्या मुळांवर. रानातली झाडे आणि शेतातले पीक शेजारी आले की दोन्ही अवस्थांची सोय होते. सोयाबीन निघते, उसाची मुळे मात्र वर्षभर हजर, म्हणून खोडव्यात (तोडणीनंतर त्याच मुळांवर पुन्हा फुटलेल्या उसात) हुमणी जास्त टिकते.

वळवाच्या पहिल्या चांगल्या पावसानंतर तिन्हीसांजेला भुंगेरे जमिनीतून निघतात, पहाटे परत मातीत जातात. एकेक मादी पन्नास-साठ अंडी घालते. म्हणून त्या रात्री साडेसात ते नऊच्या दरम्यान फांद्या आकडीने हलवून पडलेले किडे रॉकेलमिश्रित पाण्यात टाकावेत. एकट्याने करून भागत नाही. शेजारच्या बांधावरून ते पुन्हा येतात. शिवारातल्या सगळ्यांनी सलग चार-पाच रात्री लागावे.

ऑगस्टनंतर औषध ओतणे बहुधा वाया जाते. तेव्हा अळी मोठी असते, मुळांशी खोल असते. उसाचे बेट हाताने सहज उपटून येते, खाली इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली, पिवळसर डोक्याची पांढरी अळी दिसते. अळ्यांना मारणारी मेटारायझियम बुरशी जून-जुलैत, अळ्या लहान असताना, कुजलेल्या शेणखतातून ओल्या जमिनीत द्यावी. कोरड्यात ती वाढतच नाही. कच्चे शेणखत तर शेतात नेऊच नये, त्यातून अळ्या शेतात येतात.

— एक शेतकरी वाचक, अंबाजोगाई (जि. बीड)