इन्क्विझिशनवर हसावे की नाही

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या वाचकांच्या पत्रव्यवहारात पणजीतील एका छोट्या रसिक मंडळाच्या कार्यक्रमाविषयी तीव्र नाराजी व्यक्त करणारे पत्र प्रसिद्ध झाले. मंडळाने ‘मॉन्टी पायथन’ या चमूची ब्रिटिश दूरचित्रवाणीवरील जुनी विनोदी प्रहसने दाखवली, त्यांत स्पॅनिश इन्क्विझिशनची, म्हणजे पाखंडाचा आरोप ठेवून माणसांची चौकशी आणि छळ करणाऱ्या ख्रिस्ती धर्मसभेची, थट्टा करणारे एक प्रहसन होते, आणि ज्या भूमीने अडीचशे वर्षे इन्क्विझिशन सोसले तिथलीच माणसे त्यावर खदखदून हसली. याबद्दल मंडळाने जाहीर माफी मागावी, असा त्या पत्राचा आशय होता. असल्या विनोदाला शेंडा ना बुडखा, तो निव्वळ रिकामटेकड्यांचा चाळा असतो, असेही पत्रलेखकांनी जाता जाता म्हटले आहे. त्या संध्याकाळी मी तिथे होतो आणि हसणाऱ्यांतही होतो, म्हणून हे उत्तर लिहिणे मला भाग आहे.

पत्रलेखकांचे दुखणे खोटे नाही, हे आधीच कबूल करतो. गोव्यातली धर्मसमीक्षण सभा, म्हणजे इथले इन्क्विझिशन, १५६० साली सुरू झाली आणि मधला चार वर्षांचा खंड सोडला तर १८१२ पर्यंत चालली. आमचे घर आज अंत्रुज महालात, म्हणजे फोंडा तालुक्यात, असले तरी मूळ गाव सासष्टीतले. कुठ्ठाळीचा मंगेश, केळशीची शांतादुर्गा आणि वेर्ण्याची म्हाळसा ज्या काळात नदी ओलांडून अलीकडे आली, त्याच काळात आमचे पूर्वजही आले, असे आजोबा सांगत. देवळे पाडण्याचा हुकूम आणि सभेचा कारभार या इतिहासाच्या दृष्टीने दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पण आमच्याकडच्या घरोघरच्या आठवणींत त्या एकमेकींत इतक्या मिसळल्या आहेत की त्या वेगळ्या काढू म्हटले तरी निघत नाहीत. अनंत काकबा प्रियोळकरांनी १९६१ साली या सभेवर इंग्रजीत ग्रंथ लिहिला, तोही आमच्या कपाटात आहे. ऐंशीच्या दशकात बोटीवर नोकरीला असलेल्या एका शेजाऱ्याने सुट्टीवर येताना या प्रहसनाची व्हिडिओ कॅसेट आणली, तेव्हा सगळी खोली हसत होती आणि मी मात्र तोंड मिटून बसलो होतो. म्हणजे पत्रलेखक आज ज्या जागी उभे आहेत, तिथे मीही काही वर्षे उभा होतो.

माझे मत पालटले ते प्रहसन दुसऱ्यांदा, सावकाश पाहिल्यावर. ‘मॉन्टी पायथन्स फ्लाइंग सर्कस’ ही बीबीसीची मालिका ५ ऑक्टोबर १९६९ रोजी सुरू झाली आणि १९७४ च्या डिसेंबरात ४५ भागांनंतर संपली. हे प्रहसन २२ सप्टेंबर १९७० रोजी प्रक्षेपित झालेल्या भागातले. उत्तर इंग्लंडातल्या जॅरो गावी एका खानदानी घरातील बाई बैठकीच्या खोलीत बसली आहे. एक कामगार आत येऊन गिरणीत काहीतरी बिघडल्याचे सांगतो. त्याची बोली इतकी जाड की बाईंना ओ की ठो कळत नाही. त्या पुन्हा पुन्हा विचारतात, आणि आपण जे बोललो त्याचा अर्थ आपल्यालाही ठाऊक नाही हे त्याच्या लक्षात येते. कुणीतरी जाऊन एवढे सांगून ये म्हणाले म्हणून तो आला आहे. वैतागून तो म्हणतो की इथे स्पॅनिश इन्क्विझिशनसारखी चौकशी होईल अशी अपेक्षा नव्हती. आपण ‘काय पोलिसासारखी उलटतपासणी चालवली आहे’ म्हणतो, त्यातलाच हा बोलण्याचा प्रकार. त्याचे वाक्य पुरे होते न होते तोच कर्कश संगीताच्या ठेक्यावर दार उघडते आणि तांबड्या झग्यांतले तीन कार्डिनल, म्हणजे पोपच्या खालोखालचे धर्माधिकारी, आत घुसतात.

त्यांचा म्होरक्या, म्हणजे मायकेल पेलिन, गर्जना करतो की आमचे मुख्य शस्त्र एकच, अनपेक्षितपणा. मग त्याला आठवते की दहशत हेही आहे, तेव्हा शस्त्रे दोन. निर्दय कार्यक्षमता धरली तर तीन. पोपवरची आत्यंतिक निष्ठा धरली तर चार. हिशेब जुळेना, तेव्हा तो ओशाळून म्हणतो की आम्ही बाहेर जाऊन पुन्हा आत येतो, आणि त्या कामगाराला ते वाक्य पुन्हा म्हणायला लावतो. पुढे छळासाठी यंत्र मागवले जाते. इंग्रजीत माणसाला ताणण्याच्या त्या यंत्राला आणि धुतलेल्या बशा निथळत ठेवण्याच्या मांडणीला ‘रॅक’ हा एकच शब्द असल्यामुळे सहायक इमानाने बशांची मांडणी घेऊन येतो. ती बाईंना बांधली जाते आणि ‘फिरवा’ असा हुकूम सुटतो. पण फिरवायला तिला चाक नाही, दांडा नाही. बाहेरच्या माणसासमोर आपल्या माणसाचा गाढवपणा झाकताना वरिष्ठ अधिकाऱ्याचा चेहरा कसा होतो, ते पेलिनच्या तोंडावर पाहावे.

नंतर एका म्हाताऱ्या बाईंना धरून आणतात. पाखंडाचे तीन आरोप म्हणता म्हणता त्यांचेही चार होतात. बाई साधेपणाने म्हणतात की माझ्यावर कसला आरोप आहे तेच मला समजले नाही, आणि म्होरक्या ओरडतो की मग समजेल अशी व्यवस्था करतो, उशा आणा! मऊ उशांनी टोचून बाई बधत नाहीत, तेव्हा शेवटचा उपाय म्हणून त्यांना आरामखुर्चीत बसवण्याची भयंकर शिक्षा फर्मावली जाते: दुपारच्या जेवणापर्यंत तिथेच बसायचे, मध्ये अकरा वाजता फक्त एक कप कॉफी.

आता पत्रलेखकांनी मला सांगावे की या सगळ्यात थट्टा कोणाची झाली. छळ सोसणाऱ्यांकडे पाहून कोणी हसत नाही. त्या दोन्ही बायका तर सबंध खोलीत सर्वांत शहाण्या आहेत. हसू येते ते झगा, गर्जना आणि हुकूम यांच्या मागे बसलेल्या गबाळ्या कारभाराचे. शार्ल देलाँ या फ्रेंच वैद्याला १६७३ मध्ये दमणला पकडून पुढे गोव्याच्या सभेच्या तुरुंगात टाकले होते. सुटल्यानंतर १६८७ मध्ये त्याने प्रसिद्ध केलेल्या वृत्तांतातली सर्वांत अंगावर येणारी गोष्ट हीच आहे की आरोप काय ते कैद्याला सांगितले जात नसे. आपला गुन्हा त्यानेच ओळखायचा आणि त्यानेच कबूल करायचा. म्हाताऱ्या बाईंचे ते एक वाक्य ऐकताना मला देलाँ आठवला. पेलिन ऑक्सफर्डचा इतिहासाचा पदवीधर, त्यामुळे हे सारे अगदी अजाणतेपणी उतरले असेल असे मला वाटत नाही. पण त्याचा आग्रह धरत नाही.

शिवाय भयाला विदूषकाचे सोंग देणे आपल्याला परके कधीपासून झाले? दशावतारी काल्यात वेद पळवणारा संकासुर येतो. काळा पोशाख, लोंबणारी तांबडी जीभ, आणि सूत्रधाराशी त्याची ती वेडीवाकडी हुज्जत! लहानपणी मांडवात आईच्या पदराआडून मी त्याला भ्यालो आहे आणि पुढच्याच क्षणी पोट धरून हसलोही आहे. ज्याने प्रत्यक्ष वेद चोरले त्या असुराला रात्रभर जागलेले भाविक हसतात, आणि देवळाच्या प्रांगणात हसतात. यात वेदांचा अपमान झाला म्हणून कोणा महाजनाने दशावतारी मंडळीकडे माफीची मागणी केल्याचे मी तरी पाहिलेले नाही.

राहिला शेंडाबुडख्याचा मुद्दा, आणि इथे मात्र माझा पत्रलेखकांशी सरळ विरोध आहे. हा विनोद सैल दिसतो, पण त्याची बांधणी फार काटेकोर आहे. सहा जणांच्या या चमूत जॉन क्लीझ आणि ग्रॅहम चॅपमन जोडीने लिहीत, टेरी जोन्स आणि पेलिन जोडीने, एरिक आयडल एकटा. मग सगळे मिळून वाचन होई आणि जे ऐकून बाकीचे हसत नसत ते बाजूला पडे. सहावा टेरी गिलियम, अमेरिकन. जुन्या छायाचित्रांचे आणि कोरीव चित्रांचे कापलेले तुकडे कॅमेऱ्याखाली सरकवून तो एका प्रहसनातून दुसऱ्यात जाण्याची वाट करून देई. प्रत्येक प्रहसनाचा शेवट टाळीच्या वाक्यानेच झाला पाहिजे, ही त्या काळच्या विनोदी कार्यक्रमांची सक्ती त्यांनी मोडली. अर्थात त्यांच्या काही महिने आधी स्पाइक मिलिगन या विनोदकाराने आपल्या मालिकेत हे कुंपण तोडून ठेवले होते. हा मिलिगन १९१८ साली आपल्या शेजारी अहमदनगरला जन्मला आणि त्याच्या बालपणातली काही वर्षे पुण्यात गेली, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणी सांगत नाही, म्हणून मी संधी मिळेल तिथे सांगतो.

टाळीचे वाक्य काढून टाकले की प्रहसन अर्धवट सुटते आणि त्यातला धागा पुढे कुठेही वर येऊ शकतो. इन्क्विझिशनच्या भागाचा शेवट पाहा. लंडनच्या फौजदारी न्यायालयात खटला चालू आहे. एका पात्राच्या तोंडी तेच वाक्य येते, आणि आता ते तिघे घुसणार म्हणून सबंध न्यायालय दाराकडे वळून पाहू लागते. दार उघडत नाही, कारण कार्डिनल अजून बसमध्ये आहेत. पडद्यावर श्रेयनामावली सरकू लागते, ती पाहून त्यांची धांदल उडते. धावतपळत ते दारात पोहोचतात आणि म्होरक्याचे वाक्य निम्म्यावर असतानाच ‘समाप्त’ अशी पाटी येते. अनपेक्षितपणा हे ज्यांचे मुख्य शस्त्र, त्यांची सर्वांनी अपेक्षा केली आणि नेमके तेव्हाच ते उशिरा आले. याला शेंडाबुडखा म्हणायचे नाही तर कशाला म्हणायचे?

पत्रलेखकांनी हा शेवट पाहिलेला नाही, असे त्यांच्याच पत्रावरून दिसते. मोबाइलवर आलेला उशांचा तेवढा तुकडा पाहून ते लिहीत आहेत. तुकड्याची ही अडचण जुनी आहे. १९७५ मध्ये एबीसी या अमेरिकन वाहिनीने मालिकेच्या तीन भागांचा दीड तासाचा कार्यक्रम दाखवताना जाहिरातींसाठी त्यातली २४ मिनिटे कापली, तेव्हा ही मंडळी न्यायालयात गेली, आणि पुढच्या वर्षी अपिलात न्यायालयाने त्यांची बाजू उचलून धरली. विनोद करणाऱ्यांनाच आपल्या रचनेची एवढी चाड असेल, तर तिला चाळा म्हणण्यापूर्वी निदान अर्धा तास बसून ती पूर्ण पाहावी.

या मालिकेतले सगळेच मला आवडते असे नाही. पुरुषांनी बायकांचे किरट्या आवाजात केलेले सोंग दर भागात येते आणि कंटाळा आणते, परदेशी माणसांची काही व्यंगचित्रे आज बघवत नाहीत, आणि क्लीझ बाहेर पडल्यानंतरची शेवटची सहा भागांची मालिका मला पांगळी वाटते. मंडळाने कार्यक्रमापूर्वी दोन मिनिटे बोलून, हे स्पेनमधल्या सभेविषयी आहे, आपल्याकडची सभा पोर्तुगिजांची होती, एवढे सांगितले असते तर बरे झाले असते. तेवढी त्रुटी मला मान्य आहे. माफी मागण्याजोगे मात्र काही घडलेले नाही.

मंडळाला माझी विनंती आहे की तो सबंध भाग पुन्हा एकदा, सुरुवातीपासून बस दारात येईपर्यंत दाखवावा. पत्रलेखक येणार असतील तर त्यांच्यासाठी पहिल्या रांगेत जागा धरून ठेवण्याची जबाबदारी माझी. खुर्ची लाकडी आहे, मऊ नाही, आणि चहा अकराच्या आधीही मिळेल.

आपला,
फोंडा तालुक्यातील एक निवृत्त शिक्षक