जिनिंगवरच्या हमाल भाऊंचे आभार

अवकाळी पावसात आमच्या गावच्या काकूंची कापसाची ट्रॉली भिजली. ओला कापूस दाबून ठेवला की तापतो, पिवळा पडतो, सरकीला, म्हणजे कापसाच्या बियांना, कोंब फुटतात. ओलावा १२ टक्क्यांवर गेला की सरकारी खरेदीत घेतही नाहीत. कोणीतरी सुचवलं, ओला खाली दडवा. काकू म्हणाल्या, "नाही बापा, तसं नाही जमत."

जिनिंगवरच्या, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढतात त्या कारखान्यातल्या, हमाल भाऊंनी हे ऐकलं. त्यांनी वरचा ओला थर वेगळा काढला, शेडमध्ये पातळ पसरवला, गठ्ठे हातानं मोकळे करत उलटवत राहिले. कोरडा माल आधी काट्यावर लावला. मजुरी घेतली नाही. "मावशी, चहा पाजा," म्हणाले, अन् चहाचे पैसेही त्यांनीच दिले! काकूंचा मान राखलात भाऊ, गावाकडून मनापासून आभार.