मधल्या सात वर्षांचे काय?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

त्याच माणसांचा आयुष्यभर माग काढणाऱ्या माहितीपटांवरचा लेख आपल्या अंकात वाचला. ‘याला फक्त चिकाटी लागते’ हा त्याचा सूर मात्र पटला नाही. चिकाटी हवीच, पण असे काम बिघडते ते पहिल्याच दिवशी, नाहीतर कॅमेरा बंद असतो त्या मधल्या वर्षांत.

ब्रिटनच्या ग्रॅनाडा टेलिव्हिजनने १९६४ साली ‘सेव्हन अप’साठी सात वर्षांची चौदा मुले निवडली, तीही एकाच कार्यक्रमापुरती. दिग्दर्शक पॉल आल्मंड होते. मुले शोधण्याच्या कामात असलेले मायकेल ॲप्टेड पुढे १९७० पासून २०१९ च्या ‘६३ अप’पर्यंत दर सात वर्षांनी त्यांच्याकडे जात राहिले. पण चौदांत मुली चारच. पुढच्या पन्नास वर्षांत बायकांचे आयुष्य एवढे पालटले आणि ते टिपायला हाताशी चौघीच. ॲप्टेडनी ही खंत बोलून दाखवली होती, पण सात वर्षांच्या मुली मागाहून कुठून आणणार? पूर्व जर्मनीत विन्फ्रीड युंगे यांनी १९६१ मध्ये गोल्त्सो गावातल्या एका वर्गातली मुले घेतली आणि २००७ पर्यंत त्यांचे चित्रपट केले. निवड अशी एका वर्गातून झाली, की पुढे देशच नकाशावरून गेला तरी माणसांची तुलना टिकते.

चित्रीकरणाची नोंदवही हा मला सर्वांत महत्त्वाचा भाग वाटतो. लेन्स कोणती, कॅमेरा जमिनीपासून किती उंचीवर, माणूस किती फुटांवर, खिडकी कोणत्या बाजूला, प्रश्न नेमक्या कोणत्या शब्दांत विचारला, हे सगळे त्याच दिवशी लिहून ठेवावे. सातव्या वर्षी ‘मोठेपणी कोण होणार?’ आणि चौदाव्या वर्षी ‘काय व्हावेसे वाटते?’ असे विचारले, तर दोन उत्तरे शेजारी ठेवता येत नाहीत. पुढे काय होणार याचा अंदाज बांधून चित्रीकरण तर करूच नये. एक मुलगा गुन्हेगारीकडे वळेल असे धरून ॲप्टेडनी एकविसाव्या वर्षी त्याला पूर्व लंडनमधल्या तशा ठिकाणी फिरवत चित्रण केले. तो झाला टॅक्सीचालक. ही चूकही ॲप्टेडनी लपवली नाही.

संकलनाची अडचण वेगळीच. चौदा माणसे आणि १४० मिनिटे म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला दहा मिनिटे, आणि त्यातली निम्मी जुन्या तुकड्यांत जातात. शिवाय सोळा मिलिमीटर फिल्मचे ४०० फुटी रीळ जेमतेम अकरा मिनिटे चालते, त्यामुळे बालपण मिनिटांत साठवलेले आणि आजचे चित्रण तासांनी. मग सातव्या वर्षीचे तेच एक गोड वाक्य प्रत्येक भागात येते आणि माणसाला जन्मभर चिकटते. दर खेपेला मूळ सगळे फुटेज पुन्हा पाहून निदान एक न दाखवलेला तुकडा घ्यावा. त्यासाठी कापून उरलेले भाग फेकून देता कामा नयेत. जुनी चौकोनी चौकट रुंद पडद्यासाठी वरून-खालून कापू नये, डोकी उडतात. बाजूच्या काळ्या पट्ट्या चालतील.

संमतीबद्दल लेखात एक ओळही नाही, याचे वाईट वाटले. सात वर्षांच्या मुलाची सही आईवडील करतात. अठरा पूर्ण झाल्यावर ती त्याच्याकडून नव्याने घ्यावी आणि पुढे प्रत्येक फेरीला वेगळी. जोडीदार आणि मुले चित्रात येणार असतील तर त्यांचीही. प्रसारणापूर्वी त्या माणसाला त्याचा भाग दाखवावा, खुपणारे वाक्य काढायची तयारी ठेवावी आणि एखादी फेरी गाळायची मुभा द्यावी. दार उघडे ठेवले तर माणसे परततात: ‘अप’ मालिकेतला एक जण अठ्ठाविसाव्या वर्षानंतर बाहेर पडला आणि छपन्नाव्या वर्षी परत आला.

आता साठवण. ॲसिटेटच्या फिल्मला व्हिनेगरसारखा आंबूस वास येऊ लागला की ती आकसायला लागली समजावे. डबा थंड, कोरड्या जागी, इतर डब्यांपासून वेगळा ठेवून लगेच स्कॅन करून घ्यावे. डिजिटल म्हणून निर्धास्त राहू नये. एलटीओ म्हणजे डिजिटल फाइली साठवायच्या चुंबकीय टेपचा एक प्रकार; त्याचे आठव्या पिढीचे यंत्र फक्त सातव्या आणि आठव्या पिढीच्या टेप वाचते, आणि दोन फेऱ्यांच्या मधे अशा एक-दोन पिढ्या सहज उलटतात. तीन प्रती, त्यातली एक दुसऱ्या गावात, आणि दरवर्षी एकदा उघडून पाहणे एवढे तरी करावेच. नोंदवहीची प्रत त्याच डब्यात ठेवावी, कारण पुढची फेरी कदाचित दुसराच दिग्दर्शक करील.

आपला,
एक वाचक