मुक्तास, नव्या नोकरीच्या निमित्तानं

चि. मुक्ता हिस अनेक आशीर्वाद.

काल बाबांनी फोन स्पीकरवर ठेवला आणि मग सगळं तेच बोलले, म्हणून हे पत्र. सरकारी वीज वितरण कंपनीत माहिती-तंत्रज्ञानाची प्रमुख! शेजारच्या काकूंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "म्हणजे आता लाइट घालवणार ती का?" मी हसले. मग जरा वेळानं वाटलं, काकूंनी बरोबर जागी बोट ठेवलंय.

12 ऑगस्ट 2020 ला जन्माष्टमी होती. त्या दिवशी उत्तर प्रदेशात दीड लाखाहून जास्त स्मार्ट मीटरवाल्या (म्हणजे कार्यालयातूनच चालू-बंद करता येणाऱ्या मीटरच्या) ग्राहकांची वीज एकाएकी गेली. वादळ नाही, तार तुटलेली नाही, फीडर, म्हणजे उपकेंद्रातून येणारी मुख्य लाइन, चालू. मीटरांना वीज तोडण्याची चुकीची आज्ञा गेली होती, बस्स. पुढे चौकशी पोलिसांच्या विशेष कृती दलाकडे गेली, नवे मीटर बसवणं थांबलं. ऐन सणाच्या दिवशी अंधारात बसलेल्यांना त्याचं काय! आमच्या वेळी, मी वीज कार्यालयात बिलिंगला होते तेव्हा, एका घराची वीज तोडायची तर लाइनमन पक्कड घेऊन सायकलवर जायचा. दारात म्हातारी उभी असली की परत येऊन सांगायचा, "बाई, घर बंद होतं." मला कळायचं, साहेबांना कळायचं, आणि म्हातारी दोन दिवसांनी पैसे आणून द्यायची. नियमात बसत नव्हतं ते, आणि त्याचा गैरफायदा घेणारे बंगलेवालेही होतेच. पण दीड लाख घरं एका दमात तोडणं कुणाच्या बापाला शक्य नव्हतं. आता तुझ्या खात्याला ते शक्य आहे.

तू बँकेतून येते आहेस, म्हणून सांगते. तिथे व्यवहार फसला तर पैसे परत खात्यात येतात, माफीचा मेसेज येतो आणि फारच चिडलेला माणूस दुसऱ्या बँकेत जातो. विजेच्या ग्राहकाला जायला दुसरं दार नाही. मुंबईसारखं एखादं शहर सोडलं तर जी कंपनी गावात आहे तीच. त्यामुळे तुमच्या संगणकानं जे छापलं ते त्याच्यासाठी कोर्टाच्या निकालासारखं असतं.

बिलिंग टेबलावर आयुष्य गेलं माझं, त्यातली एकच गोष्ट सांगते. जुन्या चकतीच्या मीटरला चार आकडे असायचे. 9999 झाले की मीटर फिरून पुन्हा शून्यावर यायचं. एका भाजीवाल्याचं मागचं रीडिंग 9984, चालू रीडिंग 37. रीडर अगदी बरोबर लिहून आला होता. पण मीटर फिरलंय हे यंत्राला सांगायचा रकाना कुणी भरला नाही, आणि यंत्रानं सरळ वजाबाकी करून 9947 युनिटचं बिल काढलं. खरे युनिट होते 53. कागदावर बेरीज-वजाबाकी करून मी त्याला दाखवलं, त्याला पटलं, मला पटलं. दुरुस्ती मात्र माझ्या हातात नव्हती. प्रकरण वर गेलं, सही होऊन खाली आलं, तोवर पुढच्या बिलात तीच रक्कम थकबाकी म्हणून व्याजासकट उभी! तो माणूस खिडकीशी यायचा आणि काही न बोलता दोन्ही बिलं माझ्यासमोर ठेवायचा.

तेव्हा माझं पहिलं मागणं हे, की खिडकीवरच्या माणसाच्या हातात काहीतरी ठेव. डोळ्यांना दिसणारी चूक असेल तर वसुली तिथल्या तिथे थांबवता आली पाहिजे, मग सह्या होऊ देत सावकाश. वरच्या मजल्यावरच्यांना भीती असते की कारकून पैसे खाऊन बिलं कमी करतील. खाणारे खातातही. त्यासाठी कुणी कधी काय बदललं याची नोंद राहू दे. हात बांधून ठेवणं हा काही उपाय नव्हे.

प्रीपेडचंही तेच. वीज कायद्याचं, 2003 च्या, कलम 56 मला अजून पाठ आहे: थकबाकीसाठी वीज तोडायची तर पूर्ण पंधरा दिवसांची लेखी नोटीस हवी. प्रीपेड मीटरमध्ये शिल्लक संपली की वीज जाते. मग ते पंधरा दिवस कुठे गेले? वकील काय उत्तर देतील ते देतील, पण रात्री दोन वाजता बाळंतिणीच्या घरातली वीज जाऊ द्यायची की सकाळपर्यंत थांबायचं, हे तुझ्या प्रणालीत कुणीतरी आधी ठरवून ठेवलेलं असणार. ते ठरवताना तू तिथे हजर राहा. 2024 मध्ये आपल्याकडे महाराष्ट्रात इतका विरोध झाला की सामान्य घरगुती ग्राहकांना प्रीपेड मीटर लावणार नाही, असं सरकारनं जाहीर केलं. लोकांना अडाणी म्हणून मोकळं होणारे बरेच भेटतील तुला. त्यांच्यात सामील होऊ नकोस.

बाबांचं म्हणणं वेगळं. ते म्हणतात, हॅकरचं काय? बाबांनी युक्रेनबद्दल वाचलंय. 23 डिसेंबर 2015 ला तिथल्या वितरण कंपन्यांच्या नियंत्रण कक्षात पडद्यावरचा माउस आपोआप फिरू लागला आणि एकेक उपकेंद्र बंद पडत गेलं. सव्वादोन लाखांच्या आसपास ग्राहक अंधारात. हल्लेखोर कित्येक महिने आधीपासून आत शिरून बसले होते, साध्या ईमेलमधून. पण काही तासांत वीज परत आली, कारण माणसं गाडीत बसून उपकेंद्रात गेली आणि हातानं ब्रेकर चालू केले. ती हातानं चालवायची सोय अजून जिवंत होती. आपल्याकडे सगळं 'ऑटोमेशन' झालं की पहिली कुऱ्हाड ऑपरेटरच्या जागांवर पडते. तेवढी माणसं राखता आली तर बघ.

लाइनमनचंही लक्षात ठेव. खांबावर चढण्याआधी तो उपकेंद्रातून परमिट, म्हणजे बंद लाइनवर काम करायची लेखी परवानगी, घेतो, लाइन बंद झाली याची खात्री करतो, अर्थिंग करतो म्हणजे तार जमिनीशी जोडतो, मगच तारेला हात लावतो. दूरवरच्या खोलीत बसलेल्या कुणी क्लिक करून लाइन चालू केली, तर त्या परमिटच्या कागदाला अर्थ उरत नाही. परमिट परत आल्याशिवाय तुझ्या पडद्यावर ते बटण दाबताच येता कामा नये.

आता एक नाजूक गोष्ट. केंद्राच्या 2021 च्या योजनेत 25 कोटी स्मार्ट मीटर लावायचं ठरलं, फीडरला आणि डीपीलाही, म्हणजे गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरलाही, मीटर आले. तीन लाख कोटींवरची योजना. घरातल्या मीटरवर सगळे भांडतात, पण खरी गंमत डीपीच्या मीटरमध्ये आहे. ज्या शेतीपंपांना मीटर नाहीत त्यांचा वापर अश्वशक्तीवरून अंदाजानं लिहितात. ह्या अंदाजाच्या पोतडीत गळती आणि चोरी बेमालूम मावते आणि नाव शेतकऱ्याचं होतं. तुझ्याकडे डीपीवर गेलेली वीज आणि खाली वापरलेली वीज यांचा ताळा रोज येईल. काही आकडे असे निघतील की बैठकीत कुणालाच ते नको असतील. "डेटा अजून कच्चा आहे" असं म्हणायला तुला सुचवलं जाईल, गोड शब्दांत, चहा मागवून. कच्चा असेल तर जरूर म्हण. नसेल तर आकडा लेखी दे, तारीख घाल आणि आवक-जावक क्रमांक घे. सरकारी कार्यालयात बोललेलं वाऱ्यावर जातं, जावक नंबर पडलेलं उरतं.

टेंडर आणि ठेकेदारांबद्दल मला फारसं कळत नाही. मीटरमधली माहिती ठेकेदाराच्या ताब्यात आणि तुम्ही त्याच्याकडे मागत बसलात, असं होऊ देऊ नकोस, इतकंच.

रुजू झाल्यावर सत्कार, गुच्छ, सादरीकरणं होतील. ती उरकली की कुणाला न कळवता एखाद्या लांबच्या उपविभागात जा, बिल भरायच्या शेवटच्या तारखेला, अकराच्या सुमारास. रांगेत उभी राहा, ओळख सांगू नकोस. घरून डबा ने, कारण अशा ठिकाणी कँटीन नसतं आणि तुझा नंबर जेवणाच्या सुट्टीआधी लागणार नाही.

तुझी,
आई